लो आयल्स : प्रवाळाच्या घरची देवघेव

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस, क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्यावर पोर्ट डग्लस नावाचे एक टुमदार बंदर आहे. केर्न्स शहरातून उत्तरेकडे निघालेला सुमारे 70 किलोमीटरचा रस्ता एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस वर्षावनाने झाकलेले डोंगर घेऊन येथे पोहोचतो. कुकू यलंजी या आदिवासी समाजाची ही पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी. बंदराच्या मागे, डोंगरांच्या पायथ्याशी, उसाची शेते पसरलेली दिसतात. धक्क्यावरून रोज सकाळी पर्यटकांच्या बोटी सुटतात. काही खोल समुद्रातील बाह्य भित्तीकडे जातात, तर काही अवघ्या 15 किलोमीटरवरील लो आयल्सकडे वळतात.

लो आयल्स म्हणजे सखल बेटे. नाव सार्थ आहे, कारण दूरून पाहता पाण्यावर प्रथम दिसतो तो केवळ दीपस्तंभ. 1878 साली उभारलेला हा पांढरा स्तंभ नारळ व झुडपांच्या गर्दीतून वर डोकावतो. त्याच्या पायाशी असलेले वाळूचे बेट इतके लहान आहे, की काही मिनिटांत त्याला प्रदक्षिणा घालून होते. शेजारी दुसरे बेट आहे, वुडी आयलंड. ते तिवरांनी भरलेले आहे. उन्हाळ्यात न्यू गिनीहून आलेली पांढरी-काळी कबुतरे तेथे घरटी करतात आणि दिवसा फळे खाण्यासाठी किनाऱ्यावरील अरण्यात ये-जा करतात. दोन्ही बेटांना कवेत घेऊन पाण्याखाली पसरली आहे ती प्रवाळभित्ती. ओहोटी लागली, की तिचा माथा उघडा पडतो आणि तपकिरी, हिरवट, कोठे जांभळ्या छटेचे दगडी झुडूप उन्हात चमकू लागते.

सुमारे 2,300 किलोमीटर लांबीच्या ग्रेट बॅरियर रीफचा हा एक अगदी छोटा तुकडा. 1981 साली या संपूर्ण भित्तीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिच्या इतर भागांत याहून रंगीत, याहून भव्य दृश्ये पाहावयास मिळतात. तरीही लो आयल्सचे महत्त्व वेगळे आहे. प्रवाळ जगतो कशावर, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा पद्धतशीर शोध याच वाळूवर सुरू झाला, आणि त्या शोधाला पुढे जे वळण लागले ते कोणाही व्यवहारी माणसाने समजून घ्यावे असे आहे.

पोवळे आणि प्रवाळ

आपल्याकडे प्रवाळ म्हटले, की जवाहिऱ्याच्या पेढीवरील लाल पोवळे आठवते. ते पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. इटलीत नेपल्सजवळील तोरे देल ग्रेको या गावाची त्यावर कारागिरी करण्याबद्दल फार जुनी ख्याती आहे. हा लाल प्रवाळ अंधाऱ्या कपारीत आणि खोल पाण्यात वाढतो. त्याला सूर्यप्रकाशाची गरज नसते आणि त्याची वाढही अत्यंत मंद असते. वर्षावर्षांनी त्याच्या फांदीची जाडी जेमतेम एखाद्या केसाइतकी वाढते.

लो आयल्सच्या भोवतालचे भित्ती बांधणारे प्रवाळ या पोवळ्याचे दूरचे नातलग. त्यांचा सांगाडा पांढरा असतो, तो दागिन्यात बसवत नाहीत. मात्र वाढीचा वेग थक्क करणारा. फांद्यांचे काही प्रवाळ वर्षाकाठी दहा सेंटिमीटर किंवा अधिकही वाढतात. एका ढिगाऱ्यासारख्या वसाहतीत हजारो सूक्ष्म प्राणी राहतात. प्रत्येकास पॉलिप म्हणतात. पॉलिप म्हणजे एक छोटी मऊ पिशवी, वर एकच तोंड, तोंडाभोवती दंश करणाऱ्या शुंडांचे कडे आणि खाली स्वतःच घातलेला चुनखडीचा पाया. रात्री शुंडा पसरतात आणि पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपले जातात.

येथे एक कोडे उभे राहते. या उष्ण, काचेसारख्या निवळ समुद्रात अन्नद्रव्ये अतिशय थोडी असतात. पाणी निवळ दिसते तेच मुळी त्यात फारसे काही नसल्यामुळे. अशा निर्धन पाण्यात इतकी समृद्ध वस्ती उभी राहते कशी? मिळकत दिसत नाही आणि इमारत मात्र वाढतेच आहे, असा हा प्रकार.

1928 ची मोहीम

या कोड्याचा एक धागा शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होता. प्रवाळाच्या आतल्या स्तरातील पेशींत सोनेरी-तपकिरी रंगाचे गोल कण असतात. एकेका कणाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. ते प्राण्याचे अवयव नसून स्वतंत्र शैवालपेशी आहेत, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले, आणि जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ब्रांट यांनी 1881 साली त्यांना झूझँथेली हे नाव दिले. प्रवाळाच्या एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाखाली अशा दहा लाखांच्या घरात पेशी असू शकतात. प्रवाळाचा तपकिरी रंग हा वस्तुतः या भाडेकरूंचा रंग. परंतु भाडेकरू भाडे देतात काय, आणि देत असल्यास कोणत्या रूपात, हे कोणास सांगता येत नव्हते.

जुलै 1928 मध्ये मॉरिस यंग या 28 वर्षांच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक तुकडी लो आयल्सवर उतरली. दीपस्तंभाच्या परिसरात लाकडी झोपड्या व प्रयोगशाळा उभी राहिली आणि सुमारे वर्षभर काम चालले. यंग यांच्या पत्नी मॅटी या मोहिमेच्या डॉक्टर होत्या. शीना मार्शल आणि ए. पी. ऑर यांनी पाण्यातील सूक्ष्म जीव व क्षार मोजले. टी. ए. स्टीफन्सन आणि त्यांच्या पत्नी ॲन यांनी प्रवाळांची वाढ व प्रजनन अभ्यासले. सिडनी मँटन या विदुषीने भित्तीवर मोजपट्टीच्या रेषा आखून कोणता प्रवाळ नेमका कोठे आहे, याचे बारकाईचे नकाशे केले. त्या काळात शास्त्रीय मोहिमेत इतक्या स्त्रियांचा सहभाग ही विशेष गोष्ट होती. रोजच्या कामाचा मोठा भार केर्न्सजवळील याराबा मिशनमधून आलेल्या आदिवासी कुटुंबांनी उचलला.

यंग आणि त्यांचे सहकारी ऑब्रे निकल्स यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. प्रकाश आत जाणार नाही अशा पेट्यांत त्यांनी जिवंत प्रवाळ ठेवले. अंधारात शैवालाला अन्न तयार करता येत नाही. काही काळाने प्रवाळांनी आपल्यातील शैवालपेशी बाहेर टाकल्या आणि ते फिकट पडले, पण मेले नाहीत. खाद्य मिळत राहिले तर ते शैवालावाचूनही तग धरत. पचनरसांची तपासणी केली असता ते मांसाहारी प्राण्यास साजेसे निघाले. वनस्पती पचविण्याची शक्ती त्यांत जवळजवळ नव्हती. याउलट, शैवाल असलेला प्रवाळ पाण्यातील फॉस्फेट शोषून घेतो, हेही मोजमापात दिसले.

या साऱ्यावरून यंग यांनी निष्कर्ष काढला, की प्रवाळ हा शुद्ध मांसाहारी प्राणी आहे. शैवाल त्याला जेवू घालत नाही, त्याचा उपयोग टाकाऊ द्रव्ये झटपट उचलून नेण्यापुरता. घरात ठेवलेला सफाई कामगार, एवढेच शैवालाचे स्थान. निरीक्षणे अचूक होती आणि टाकाऊ द्रव्यांविषयीचा भागही खरा ठरला. तरी अन्नाबाबतचा निर्णय पुढे टिकला नाही.

तो का टिकला नाही, हे पाहण्यासारखे आहे. अंधाऱ्या पेटीने एकच गोष्ट सांगितली : एक भागीदार गेला तरी दुसरा काही काळ जगतो. पण भागीदार गेल्यावर पेढी काही महिने चालली, यावरून तो असताना किती आणत होता ते ठरत नाही. वर्षअखेरची शिल्लक पाहून उलाढाल कळत नाही, त्यासाठी रोजकीर्द उघडावी लागते. 1928 साली प्रवाळाची रोजकीर्द वाचण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

खूण केलेले नाणे

ते साधन दुसऱ्या महायुद्धानंतर हाती आले. कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन रासायनिकदृष्ट्या साध्या कार्बनसारखाच वागतो, पण तो कोठे आहे हे उपकरणास ओळखता येते. व्यवहारात सोडलेले खूण केलेले नाणेच ते. 1958 साली कॅलिफोर्नियात लेनर्ड मस्कॅटिन आणि कॅडेट हँड यांनी प्रवाळाच्याच कुळातील समुद्रफूल या प्राण्यावर प्रयोग केला. शैवालाने उजेडात पकडलेला खुणेचा कार्बन थोड्या अवधीत प्राण्याच्या स्वतःच्या ऊतींत आढळला. शैवालाकडून प्राण्याकडे माल जातो, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

मस्कॅटिन यांनी पुढील काही दशके याच हिशोबास वाहून घेतली. 1967 साली त्यांनी एक विलक्षण गोष्ट दाखविली. प्रवाळातून वेगळी काढलेली शैवालपेशी नुसत्या समुद्रजलात ठेवली, तर ती फारसे काही बाहेर सोडत नाही. त्याच पाण्यात यजमान प्राण्याच्या ऊतींचा अर्क मिसळला, की ती ग्लिसरॉल सोडू लागते. म्हणजे देणे हे शैवालाच्या मर्जीवर नाही, यजमानाकडून त्यासाठी रासायनिक निरोप जातो. या देण्यात ग्लिसरॉलच मुख्य असावे, असा समज पुष्कळ वर्षे राहिला. 2012 साली समुद्रफुलावर झालेल्या अधिक सूक्ष्म अभ्यासाने मुख्य माल ग्लुकोज असल्याचे दाखविले. त्याखेरीज स्निग्ध द्रव्ये आणि अमिनो आम्लेही या वाटेने जातात.

हिशोब जुळत गेला तेव्हा आकडे थक्क करणारे निघाले. उथळ, भरपूर उजेडाच्या पाण्यातील शैवाल आपण तयार केलेल्या अन्नातील 90 टक्क्यांहूनही अधिक भाग यजमानाला देऊ शकते. अशा प्रवाळाची श्वसनाची दैनंदिन गरज या एका मिळकतीतून पूर्ण भागून वर काही उरतेही. रात्री टिपलेल्या सूक्ष्म जीवांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, कारण नायट्रोजन व फॉस्फरस प्रामुख्याने त्यांतून मिळतात. प्रवाळ मांसाहारी आहे हे यंग यांचे म्हणणे अर्धे खरे होते. दिवसा तो सूर्यावर जगतो, रात्री शिकारीवर.

देतो तो का देतो

शैवाल इतके उदार का, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर नायट्रोजनात आहे. साखर तयार करण्यास सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड पुरतात. परंतु नवी पेशी बांधावयाची तर प्रथिने हवीत, आणि प्रथिनांसाठी नायट्रोजन हवा. प्रवाळाच्या पेशीत शैवालाला नायट्रोजन जेमतेम मिळतो. त्यामुळे साखर पुष्कळ होते, पण तिचा उपयोग करून संख्या वाढविता येत नाही. उरलेली साखर यजमानाकडे वाहते. हा संयम गुण म्हणून पाळलेला नाही, तो टंचाईतून आलेला आहे. भागीदारी मात्र त्यावरच उभी आहे.

यजमानाची बाजूही कोरी नाही. त्याच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड शैवालाचा कच्चा माल होतो. त्याच्या शरीरात तयार होणारा अमोनिया बाहेर वाया न जाता दोघांकडून उचलला जातो आणि त्यापासून अमिनो आम्ले बनतात. याखेरीज 2015 साली आढळले, की प्रवाळपेशी शैवालाभोवतीच्या सूक्ष्म पिशवीत हायड्रोजन आयन सोडून ती चांगलीच आम्ल करते. आम्लतेमुळे पाण्यातील बायकार्बोनेटचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होऊन शैवालाच्या दारात कच्चा माल पोहोचतो. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचे भांडवल आणि दुसऱ्याचा जादा माल पहिल्याचे जेवण. तोच नायट्रोजन, तोच फॉस्फरस पुनःपुन्हा फिरत राहतो. निर्धन पाण्यातील श्रीमंतीचे रहस्य ते हेच. बाहेरून येणारी मिळकत अल्प असली, तरी आलेले सहसा बाहेर जात नाही.

या मिळकतीतूनच इमारत उभी राहते. समुद्रजलातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांपासून चुनखडी बनताना हायड्रोजन आयन मोकळे होतात. ते साचले तर बांधकाम थांबते. म्हणून प्रवाळाच्या पेशींतील प्रथिनांचे पंप कॅल्शियम आत घेतात आणि हायड्रोजन आयन बाहेर लोटतात. या पंपांना ऊर्जा लागते आणि ती साखरेतून मिळते. थॉमस गोरो यांनी 1950 च्या दशकात जमैकाच्या समुद्रात किरणोत्सारी कॅल्शियम-45 वापरून दाखविले, की उजेडात हे बांधकाम अंधारापेक्षा कितीतरी वेगाने चालते. त्यानंतरच्या अनेक मोजमापांचा मेळ घालता हा फरक साधारण तिपटीचा येतो. अंतराळातूनही दिसणारी ग्रेट बॅरियर रीफ अशी कणाकणाने, उजेडाच्या मिळकतीवर बांधली गेली आहे.

उन्हाची दुसरी बाजू

ज्या सूर्यावर हा संसार चालतो तोच सूर्य त्याचा घातही करू शकतो. ओहोटीच्या वेळी लो आयल्सवरील प्रवाळ गुडघाभर पाण्यात उष्ण कटिबंधातले प्रखर ऊन सोसतात. त्यांनी त्यासाठी तजवीज केलेली आहे. 1969 साली जपानी शास्त्रज्ञ शिबाता यांनी ग्रेट बॅरियर रीफवरील प्रवाळांत अतिनील किरण शोषून घेणारे एक द्रव्य नोंदविले. अशा द्रव्यांचा एक मोठा गट पुढे उजेडात आला. शैवालाने घडविलेल्या घटकांवर बेतलेली ही जणू छत्रीच. अनेक प्रवाळांच्या निळ्या, हिरव्या, जांभळ्या छटा ज्या प्रथिनांमुळे येतात, त्यांतील काही प्रथिनेही जादा प्रकाश अडविण्यास मदत करतात.

परंतु ऊन व उष्णता एकत्र आल्या, की छत्री अपुरी पडते. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्याच्या तापमानापेक्षा केवळ एक अंशाने अधिक तापले आणि चार आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ फिके पडू लागण्याची शक्यता असते. दुप्पट काळ राहिले तर मोठ्या प्रमाणावर मृत्यू ओढवतात. कारण असे सांगितले जाते, की उष्णतेने शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची साखळी बिघडते. प्रकाश येत राहतो पण त्याचा विनियोग होत नाही. जादा ऊर्जा ऑक्सिजनकडे वळते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्ये तयार होतात. प्रवाळ आपल्या शैवालपेशी गमावतो, पारदर्शक कातडीखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यास विरंजन म्हणतात. तापलेल्या पाण्यात प्रवाळ आपले शैवाल टाकतात, ही नोंद यंग आणि निकल्स यांनीही लो आयल्सवरच केली होती. तेव्हा ती एका लहानशा निरीक्षणाहून अधिक वाटली नसेल. आज साऱ्या जगाच्या काळजीचा तो विषय आहे. ग्रेट बॅरियर रीफवर 1998 आणि 2002 नंतर 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 असे विस्तृत विरंजन झाले आहे. 2016 ते 2024 या नऊ उन्हाळ्यांत पाच वेळा.

विरंजित प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी लवकर निवले तर उरलेल्या थोड्या शैवालापासून वस्ती पुन्हा भरते. उशीर झाला तर उपासमार होते. हे सर्व डोळ्यांना दिसते. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुढे आली. तांबड्या समुद्रातील स्टायलोफोरा नावाच्या प्रवाळास शास्त्रज्ञांनी उष्णतेचा ताण दिला. कार्बन व नायट्रोजनच्या जड समस्थानिकांची खूण वापरून, आणि एकेका पेशीतील खूण टिपणाऱ्या उपकरणाच्या साह्याने, त्यांनी देवघेव तपासली. उष्णतेत प्राण्याची ऊर्जेची गरज वाढते. तो स्वतःची प्रथिने जाळू लागतो आणि त्यातून अमोनियम मोकळे होते. जो नायट्रोजन आजवर जेमतेम मिळत होता तो शैवालाला मुबलक मिळू लागतो. मग शैवाल आपली साखर आपल्याच वाढीसाठी ठेवून घेते. यजमानाला अधिक गरज असते त्याच वेळी त्याचा वाटा घटतो, आणि त्यामुळे त्याला अधिक प्रथिने जाळावी लागतात. हे चक्र सुरू होते तेव्हा प्रवाळ अजून तपकिरीच असतो. शैवाल जागेवर असते, तब्येत बाहेरून ठणठणीत दिसते. दुकान मालाने भरलेले, पाटी झळकते आहे, दोन्ही भागीदार गादीवर बसलेले आहेत. मात्र देवघेव थांबली आहे. पांढरेपणा हा नंतर लागणारा जाहीर फलक.

किनाऱ्याचे देणे

नायट्रोजनची ही गोष्ट पोर्ट डग्लसच्या मागील उसाच्या शेतांपर्यंत जाऊन पोहोचते. मॉसमन आणि डेंट्री या नद्या याच भागात समुद्रास मिळतात. पावसाळ्यात त्यांच्याबरोबर गाळ येतो आणि शेतातून वाहून आलेले खतही. गाळामुळे उजेड अडतो, म्हणजे मिळकत घटते. खतातील नायट्रोजनमुळे शैवालावरील टंचाईचा लगाम सैल पडतो. नायट्रोजन वाढला आणि त्या प्रमाणात फॉस्फेट मिळाले नाही, तर प्रवाळ उष्णतेला अधिक लवकर बळी पडतात, असे 2013 साली प्रयोगांनी दाखविले आहे. ज्या द्रव्याने शेत पिकते तेच येथे जादा झाले, की सहजीवनाचा तोल जातो. म्हणूनच खताची मात्रा कमी करणे आणि नदीकाठची झाडी राखणे ही क्वीन्सलँडमधील प्रवाळरक्षणाच्या कामाची महत्त्वाची अंगे झाली आहेत. समुद्र तापण्याचे मूळ कारण जगभर जाळला जाणारा कोळसा व तेल हे असल्याने त्याचा उपाय एका जिल्ह्याच्या हाती नाही. नदीचे पाणी स्वच्छ ठेवणे मात्र त्या जिल्ह्याच्या हाती आहे.

लो आयल्सवर या सर्वांचा एकत्रित परिणाम मोजता येतो, कारण तेथे जुनी वही जपलेली आहे. सिडनी मँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1928-29 मध्ये काढलेले नकाशे हाती घेऊन अलीकडच्या शास्त्रज्ञांनी त्याच जागा पुन्हा तपासल्या. 91 वर्षांच्या या तुलनेचा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. मध्यंतरी चक्रीवादळांनी उद्ध्वस्त केलेल्या प्रवाळवस्त्या अनेक दशकांनंतरही पूर्वपदावर आलेल्या नाहीत. फांद्यांच्या प्रवाळांची जागा गोलाकार, भरीव प्रवाळांनी घेतली आहे. सांगाडा न बांधणारे मऊ प्रवाळ पुष्कळ वाढले आहेत. प्रवाळ आणि इतर अपृष्ठवंशी प्राणी यांच्या जातींची विविधता घटत गेली आहे. पुढे डिसेंबर 2023 मध्ये जॅस्पर चक्रीवादळाने याच किनाऱ्यावर विक्रमी पाऊस पाडला, नद्यांना महापूर आले, आणि त्या पाठोपाठ 2024 च्या उन्हाळ्यातील उष्णता आली.

आकडे उदास करणारे आहेत, पण त्यांच्या असण्यातच एक आधार आहे. जुनी नोंद नसती तर आजचा पर्यटक समोर दिसते तेच नेहमीचे, तेच पूर्ण असे समजला असता. यंग यांच्या तुकडीने काढलेला एक निष्कर्ष पुढे बदलावा लागला, पण त्यांनी केलेली मोजणी नव्वद वर्षांनीही कामास आली. मत बदलता येते, न केलेली नोंद मागाहून करता येत नाही. प्रामाणिकपणे लिहिलेल्या वहीचे मोल हे असे असते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

लो आयल्सला जाण्यास मे ते ऑक्टोबर हा कोरड्या हवेचा काळ सोयीचा. नोव्हेंबरपासून मेपर्यंत या किनाऱ्याच्या पाण्यात विषारी जेलीफिश असतात, म्हणून पाण्यात उतरणाऱ्यास अंगभर घट्ट पोशाख घालावयास सांगतात. पोहता न येणाऱ्यांसाठी काचेच्या तळाची नाव असते. भित्तीवर पाय ठेवू नये. शिंपला किंवा प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, उचलू नये. हे नियम तेथे कसोशीने पाळले जातात.

काचेच्या तळातून पाहताना प्रथम नजर जाते ती निळ्या-जांभळ्या टोकांकडे आणि चमकदार माशांकडे. तपकिरी प्रवाळ साधा वाटतो आणि दृष्टी त्यावरून घसरून जाते. नाव तेथे थोडी थांबली, तर त्या तपकिरीकडेच पाहावे. नखाएवढ्या जागेत दहा लाख भागीदार त्या क्षणी ऊन पकडीत असतात, साखर करीत असतात, शेजाऱ्याला देत असतात आणि त्याने टाकलेले उचलीत असतात. बोटीच्या सावलीखाली ते काम क्षणभर मंदावते. नाव पुढे सरकली, की पुन्हा सुरू होते.